जंतूचे नाव, आडनाव आणि वाण

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतली ताकद एकाएकी गेलेले रुग्ण एकामागून एक दवाखान्यांत येऊ लागले. आजाराचे नाव गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. एरवी लाखभर लोकसंख्येत वर्षाकाठी एखाद-दोघांना होणारा हा आजार. पण पुणे परिसरात काही आठवड्यांतच संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. अनेकांना व्हेंटिलेटर लागला, काही रुग्ण दगावले. बऱ्याच जणांना आधी जुलाब-उलट्या झाल्या होत्या. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, शौचाचे नमुने तपासले गेले आणि दोन नावे पुढे आली: नोरोव्हायरस हा विषाणू आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू.

त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. कोणी म्हणाले, विहिरीचे पाणी. कोणी म्हणाले, टँकरचे पाणी. कोणी म्हणाले, चिकन. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो हे खरेच असल्याने संशयाची सुई चिकनकडे वळायला वेळ लागला नाही. त्या काळात इकडे आंबेगाव-जुन्नरकडच्या ओपीडीतही ताप-खोकल्याचे रुग्ण जाता जाता विचारत, "डॉक्टर, चिकन खायचं का नाही?" ज्यांची पोल्ट्रीची शेड आहे, ते वेगळ्याच काळजीने तोच प्रश्न विचारत.

या प्रश्नाचे उत्तर 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' या दोन शब्दांत नाही, हे त्या गदारोळात नीट सांगितले गेले नाही. जंतूचे नाव कळले की कारण कळले, असे आपल्याला वाटते. खरे तर नावाच्या तीन पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. साथ कुठून आली हे सांगणारी पायरी सगळ्यात शेवटची. तिथपर्यंत आपण क्वचितच पोचतो.

अवसरी म्हणजे कोणती अवसरी?

आमच्या मंचरजवळ अवसरी नावाची दोन गावे आहेत. एक अवसरी खुर्द, जिथे शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि दुसरे अवसरी बुद्रुक. पाहुण्याला नुसते 'अवसरीला या' म्हटले तर तो चुकीच्या वेशीत उभा राहण्याची शक्यता निम्मी. 'अवसरी खुर्द' म्हटले तर गाव सापडेल, पण घर सापडायला आळी, वस्ती, घरातल्या माणसाचे नाव लागेल.

जिवाणूंचेही असेच आहे. 'कॅम्पिलोबॅक्टर' हे झाले नुसते अवसरी. शास्त्रज्ञ त्याला जीनस म्हणतात. आपण आडनाव समजू. 'जेजुनी' म्हणजे खुर्द, ही प्रजाती. याच आडनावाची शेजारची प्रजाती म्हणजे 'कोलाय', तिला बुद्रुक समजा. आणि एकाच प्रजातीत पुन्हा शेकडो वेगवेगळी घरे असतात. त्याला इंग्रजीत स्ट्रेन म्हणतात. शेतकऱ्याला त्यासाठी ओळखीचा शब्द आहे: वाण. कांदा म्हटला तरी गावरान वेगळा आणि हळवा वेगळा, साठवणीत टिकणारा कोणता हे वाणावरून ठरते. तसेच, जुलाब होऊन दोन दिवसांत बरे वाटणार की दोन आठवड्यांनी पाय लुळे पडू शकणार, यात जंतूच्या वाणाचा मोठा वाटा असतो.

मग ओळख पटवायची कशी? डोळ्यांनी तर काही दिसत नाही. गेल्या दीडशे वर्षांत यासाठी ज्या पद्धती आल्या, त्यातली प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीची एखादी फट बुजवायला आली. आणि प्रत्येकीची स्वतःची एक फट राहिलीच.

चेहऱ्यावरून ओळख

पहिली पद्धत सूक्ष्मदर्शकाची. १८८४ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्राम यांनी जंतू रंगवण्याची पद्धत सांगितली. ती आजही प्रत्येक लॅबमध्ये रोज वापरली जाते. जांभळा दिसला तर ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसला तर ग्राम निगेटिव्ह. गोल की दांडीसारखा, एकेकटा की साखळीत, एवढे त्यात कळते.

पण नुसत्या चेहऱ्यावर विसंबले की फसगत होते. कॅम्पिलोबॅक्टर हा वाकडा, स्वल्पविरामासारखा दिसणारा जंतू. कॉलऱ्याचा व्हिब्रिओही वाकडाच. त्यामुळे अनेक दशके कॅम्पिलोबॅक्टरला व्हिब्रिओच्याच घराण्यात धरले जात होते. १९६३ मध्ये फ्रान्समधील सेबाल्ड आणि व्हेरॉन यांनी दाखवले की या दोघांच्या डीएनएची घडणच वेगळी आहे, राहणीही वेगळी. तेव्हा त्याला नवे आडनाव मिळाले. कॅम्पिलोबॅक्टर या ग्रीक शब्दाचा अर्थच 'वाकडी दांडी'. पुढे जठरात व्रण करणारा जंतू सापडला, तोही वाकडा, म्हणून त्याला कॅम्पिलोबॅक्टर म्हटले गेले. १९८९ मध्ये तपासणीत तोही परका निघाला आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी झाला. अॅसिडिटीच्या रुग्णांना आज एच. पायलोरी हे नाव चांगले परिचयाचे आहे.

खाण्यापिण्यावरून ओळख

दुसरी पद्धत कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची. कोणता जंतू काय खातो, कशात वाढतो, किती उष्णता मागतो, त्यावरून त्याची ओळख. बिनकामाच्या सासऱ्याला जेवायला बसवले की त्याची खोड कळते म्हणतात, तसेच काहीसे.

कॅम्पिलोबॅक्टरच्या खोडी बऱ्याच. त्याला भरपूर ऑक्सिजन चालत नाही आणि अजिबात नसलेलाही चालत नाही, थोडासा लागतो. तो ४२ अंश सेल्सिअसला छान वाढतो, कारण कोंबडीच्या अंगाचे तापमान तेवढेच असते. शिवाय शौचात इतके इतर जंतू असतात की ते याला झाकून टाकतात. म्हणूनच १९७० च्या दशकापर्यंत जुलाबाच्या रुग्णांमध्ये तो फारसा कोणाला सापडतच नव्हता. १९७२ मध्ये बेल्जियममध्ये शौचाचा नमुना बारीक गाळणीतून गाळून तो वेगळा काढला गेला. १९७७ मध्ये इंग्लंडच्या मार्टिन स्किरो यांनी इतर जंतूंना रोखणारी अँटिबायोटिक्स मिसळलेले खास खाद्य तयार केले आणि मग हा जंतू जुलाबाच्या नेहमीच्या कारणांपैकी एक असल्याचे उघड झाले. तो आधीपासून होताच. शोधण्याची पद्धत नसल्यामुळे तो 'नव्हता'.

ही गोष्ट आजही आपल्याला लागू आहे. साध्या लॅबमध्ये शौचाचे नेहमीचे कल्चर लावले आणि 'रोगकारक जंतू आढळले नाहीत' असा रिपोर्ट आला, तर त्याचा अर्थ कॅम्पिलोबॅक्टर नव्हता असा होत नाही. त्याच्यासाठी पाने मांडलीच नव्हती, एवढाच होतो.

जेजुनी आणि कोलाय या दोन सख्ख्या भावांना वेगळे करायला एक साधी रासायनिक चाचणी आहे. हिप्युरेट नावाचा पदार्थ जेजुनी फोडतो, कोलाय फोडत नाही. फोडला की रसायन टाकल्यावर नळीत जांभळा रंग येतो. स्वस्त आणि सोपी चाचणी. पण जेजुनीचे काही वाण असे आहेत की त्यांना हिप्युरेट फोडता येत नाही. मग ते कोलाय म्हणून नोंदले जातात.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? एक कारण औषधाचे. या जुलाबात औषध देण्याची वेळ आली तर अॅझिथ्रोमायसिन बहुधा उपयोगी पडते. पण कोलाय प्रजातीत या गटाच्या औषधांना दाद न देणारे जंतू जेजुनीपेक्षा जास्त आढळतात. दुसरे कारण जीबीएसचे. जीबीएसशी पक्का संबंध आहे तो मुख्यतः जेजुनीचा.

वंशावळ आणि हाताचे ठसे

तिसरी पद्धत डीएनएची. १९७७ मध्ये अमेरिकेच्या कार्ल वूज यांनी दाखवून दिले की प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने बनवणारा जो कारखाना असतो, त्यातल्या एका भागाची अक्षरे फार हळू बदलतात. त्यांची तुलना केली की कोण कोणाचा जवळचा, कोण लांबचा, अशी सगळ्या जीवसृष्टीची वंशावळ मांडता येते. जिवाणूंमध्ये या भागाला १६-एस म्हणतात. एखादा अनोळखी जंतू सापडला की आज जगभर पहिल्यांदा त्याचे १६-एस वाचतात. पुण्यात एनसीसीएस या केंद्र सरकारच्या संस्थेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे अशा ओळखीचे काम नेहमी चालते.

पण वंशावळ वरच्या पिढ्यांची चांगली कळते, सख्ख्या भावांत मात्र अडखळते. जेजुनी आणि कोलाय यांचे १६-एस जवळजवळ सारखेच. वंशावळीच्या वहीवरून जुळ्या भावांपैकी कोण दारात उभा आहे, हे कसे कळणार?

चौथी पद्धत गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठ्या रुग्णालयांत आली. तिचे नाव मॅल्डी-टॉफ. जंतूचा ठिपका एका पट्टीवर ठेवायचा, त्यावर लेसर मारायचा, त्यातून उडणाऱ्या प्रथिनांचे वजन मोजायचे. प्रत्येक प्रजातीचा वजनांचा नमुना वेगळा, बोटांच्या ठशांसारखा. यंत्र तो ठसा आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून काही मिनिटांत नाव सांगते. मोठे रेणू न मोडता अशा रीतीने तोलता येतात हे दाखवणाऱ्या जपानच्या कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जेजुनी आणि कोलाय हे यंत्र चांगले वेगळे करते. मात्र यंत्र महागडे; एकेक तपासणी स्वस्त असली तरी सुरुवातीचा खर्च मोठा. आणि आधी कल्चरवर जंतू वाढलेला असावा लागतो. शिवाय त्यालाही काही भाऊ वेगळे करता येत नाहीत. हगवणीचा शिगेला आणि आपल्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा ई. कोलाय यांत ते गोंधळते, कारण मुळात हे दोघे एकाच प्रजातीचे मानावेत इतके जवळचे आहेत.

पाचवी पद्धत सगळा डीएनए वाचण्याची. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीची सुमारे १६ लाख ४० हजार अक्षरांची पूर्ण पोथी २००० मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा वाचली गेली. आज तेच काम पुष्कळ कमी वेळात आणि कमी पैशांत होते. दोन जंतूंच्या पोथ्या शेजारी ठेवायच्या. सरासरी ९५ टक्क्यांच्या वर अक्षरे जुळली तर प्रजाती एक, असा आजचा ढोबळ नियम. जेजुनी आणि कोलाय यांची अक्षरे ८५ टक्क्यांच्या आसपासच जुळतात, म्हणजे प्रजाती नक्की वेगळ्या. गंमत म्हणजे माणूस आणि चिंपांझी यांची अक्षरे ९८ टक्क्यांहून अधिक जुळतात. म्हणजे जिवाणूंमध्ये ज्याला आपण 'एक प्रजाती' म्हणतो, तिच्या आतच माणूस-चिंपांझीपेक्षा जास्त फरक मावतो. म्हणून प्रजातीच्या नावावर थांबून चालत नाही.

नावात काय आहे? मामल्याला विचारा

नावाच्या घोळाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले असताना, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात काखेत-जांघेत गाठी येणारे तापाचे रुग्ण सापडले. पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. परदेशांनी विमाने थांबवली, मालाची खरेदी थांबवली. आणि इकडे तज्ज्ञांत वाद चालू होता: हा प्लेग आहे की नाही? रक्ताच्या चाचण्या बोट दाखवत होत्या, पण जंतू हातात धरून, त्याचे नाव निर्विवाद सांगणे लगेच झाले नाही. त्यावेळी जपून ठेवलेल्या जंतूंवर पुढे काम झाले. २००० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीमधील शास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे ते प्लेगचेच, येर्सिनिया पेस्टिसचे, असल्याचे प्रसिद्ध केले. साथीनंतर सहा वर्षांनी.

या जंतूचाही एक भाऊ आहे, येर्सिनिया स्युडोट्युबरक्युलोसिस. तो बहुतेक वेळा पोटदुखी आणि तापावर भागवतो. डीएनएने पाहिले तर प्लेगचा जंतू त्याच्यापासूनच काही हजार वर्षांपूर्वी फुटून निघाला आहे. म्हणून १९८० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी सुचवले की दोघांना एकच प्रजाती मानावे, नियमाला धरून. पण जिवाणूंच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८५ मध्ये प्लेगच्या जंतूचे असे नाव बदलायला नकार दिला. कारण साधे होते. उद्या एखाद्या लॅबने रिपोर्टवर स्युडोट्युबरक्युलोसिस लिहिले आणि डॉक्टरने ते किरकोळ समजून बाजूला ठेवले, तर माणसे मरतील.

नाव ही केवळ शास्त्रज्ञांची सोय नसते, हे त्या निवाड्याने मान्य केले. नावावरून डॉक्टर औषध ठरवतो, सरकार हद्द बंद करते, बाजार उठतो किंवा बसतो.

वाण कळल्यावर काय कळते?

आता पुन्हा जीबीएसकडे येऊ. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीमुळे जुलाब झालेल्या बहुतेकांना काहीही होत नाही. ते आठवड्याभरात बरे होतात. हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना, पुढे जीबीएस होतो. का? या जंतूच्या काही वाणांच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या अशा साखळ्या असतात, ज्या आपल्या मज्जातंतूंवरच्या साखळ्यांसारख्या दिसतात. शरीर जंतूविरुद्ध हत्यार तयार करते आणि ते हत्यार आपल्याच मज्जातंतूंवर चालते. ज्या वाणांत ती साखळी बनवण्याची जनुके नाहीत, त्यांच्याकडून हा धोका फारच कमी.

म्हणजे साथीच्या वेळी विचारायचा प्रश्न 'जेजुनी आहे का?' एवढाच नसतो. 'कोणता जेजुनी?' हा खरा प्रश्न असतो.

बाहेरचे एक उदाहरण पाहा. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात २०१९ मध्ये जीबीएसची मोठी साथ आली. रुग्णांकडून मिळालेल्या कॅम्पिलोबॅक्टरची डीएनए तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात एसटी-२९९३ या क्रमांकाचा वाण सापडला. हाच वाण २००७ मध्ये चीनमधील जिलिन प्रांतातल्या जीबीएसच्या साथीत सापडला होता. दोन देश, मध्ये अख्खा महासागर, बारा वर्षांचे अंतर. तरी वाण एक. हा निष्कर्ष निघू शकला याचे कारण दोन्हीकडे जंतू वाढवून, जपून, क्रमांक देऊन ठेवलेले होते.

'पाणी की चिकन' या वादालाही हेच लागू. समजा रुग्णाच्या शौचात जेजुनी सापडला आणि बाजारातल्या चिकनच्या नमुन्यातही जेजुनी सापडला. म्हणून चिकन दोषी ठरते का? नाही. जगभर कोंबड्यांत हा जंतू सर्रास असतो. दोन माणसांचे गाव एक आहे म्हणून त्यांनी मिळून चोरी केली असे होत नाही. रुग्णाचा वाण आणि चिकनचा वाण एकच निघाला, तर संशय पक्का होतो. रुग्णाचा वाण पाण्यातल्या वाणाशी जुळला, तर पाण्याकडे बोट जाते. कशाशीच जुळला नाही, तर शोध चालू ठेवावा लागतो. या पायरीवर न जाता केलेला आरोप पोल्ट्रीवाल्याला बुडवतो, किंवा फुटलेल्या पाइपलाइनची जबाबदारी ज्याची आहे त्याला सोडून देतो. दोन्ही वाईटच.

पाण्याच्या रिपोर्टचेही असेच समजून घ्यायला हवे. ग्रामपंचायतीला येणाऱ्या रिपोर्टवर 'कोलिफॉर्म' लिहिलेले असते. ते कोणा एका जंतूचे नाव नाही. तो एक गट आहे. त्याचा अर्थ एवढाच, की या पाण्यात घाण मिसळण्याचा रस्ता मोकळा आहे. पाणी बंद करून दुरुस्ती करायला तेवढा इशारा पुरतो. साथ कोणत्या जंतूची, हे मात्र त्यावरून कळत नाही.

नवी अडचण: नाव मिळते, जंतू मिळत नाही

आता मोठ्या लॅबमध्ये एक सोय आली आहे. शौचाचा नमुना एका कुपीत टाकला की तास-दोन तासांत पंधरा-वीस जंतू-विषाणूंपैकी कोणाचा डीएनए किंवा आरएनए त्यात आहे, ते यंत्र सांगते. रुग्णासाठी हे चांगलेच. कल्चरला दोन-तीन दिवस लागत, तेही कॅम्पिलोबॅक्टरसारखा नाजूक जंतू जगला तर.

पण या सोयीत एक खोच आहे. यंत्र नाव सांगते, जंतू हातात देत नाही. जंतू वाढवला नाही, तर कोणते औषध चालेल हे तपासता येत नाही आणि वाणही नीट ठरवता येत नाही. त्यातून जीबीएसचा रुग्ण येतो तो जुलाब होऊन एक ते तीन आठवड्यांनी. तोपर्यंत शौचातला जंतू बराच कमी झालेला असतो, आणि मधल्या काळात कोणीतरी अँटिबायोटिक दिलेले असते. म्हणजे जंतू पकडायची वेळ होती ती आधी, जेव्हा रुग्ण साध्या जुलाबासाठी गावच्या दवाखान्यात आला होता.

तालुका पातळीवरच्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या कोणालाही ही अडचण ठाऊक आहे. जुलाबाचा रुग्ण येतो, आपण ओआरएस देतो, गरज असली तर सलाइन लावतो, आणि तो बरा होऊन जातो. प्रत्येक जुलाबाचे कल्चर करायची गरज नाही, तो पैशाचा आणि वेळेचा अपव्ययच. पण एका वस्तीतून चार दिवसांत दहा रुग्ण आले, तर मात्र तो जुलाब एकट्याचा राहत नाही. त्या दहांतल्या पाच जणांचा शौचाचा नमुना, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, कॅरी-ब्लेअरसारख्या वाहक माध्यमात, थंड पेटीतून पुढच्या लॅबला गेला, तर महिन्याभराने येणाऱ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात आधीच असेल.

काय करता येईल?

पुणे जिल्ह्याला यासाठी फार लांब जायला नको. एनआयव्ही पुण्यात, एनसीसीएस पुण्यात, राज्य आरोग्य प्रयोगशाळा पुण्यात, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय पुण्यात. अवसरीहून ही सगळी ठिकाणे साठेक किलोमीटरवर. कोविडमध्ये याच शहरात विषाणूचे वाण वाचले गेले. डेल्टा आणि ओमायक्रॉन ही नावे आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींनाही पाठ झाली होती. तेव्हा जे जमले ते जुलाबाच्या जिवाणूसाठी का जमू नये?

त्यासाठी तीन गोष्टी लागतील. पहिली, जिल्ह्यात निदान एक लॅब अशी हवी जिथे कॅम्पिलोबॅक्टर नेहमीच्या कामाचा भाग म्हणून वाढवला जातो. साथ आल्यावर धावपळ करून ते जमत नाही. दुसरी, माणसांच्या दवाखान्यातून, पशुसंवर्धन खात्याकडून आणि पाणीपुरवठ्याकडून आलेले जंतू एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने वाणापर्यंत ओळखले जावेत. आज प्रत्येक खात्याची वही वेगळी. आणि तिसरी, निष्कर्ष लोकांसमोर यावेत, मग ते कोणाच्याही सोयीचे असोत. साथ ओसरली की बातमी संपते. पण वाणाचा शोध नेमका त्यानंतर पूर्ण होतो.

तोवर आपल्या हातात जे आहे, ते जंतूचे नाव माहीत नसतानाही करता येते. गावच्या टाकीत टीसीएल पावडर नियमित पडते का आणि शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो का, हे ग्रामसभेत विचारा. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरिनपुढे टिकत नाही. शंका असेल तेव्हा पाणी उकळा. दूध कच्चे पिऊ नका. हा जंतू कच्च्या दुधातूनही येतो. चिकन खायला हरकत नाही, पण ते पूर्ण शिजलेले हवे. कच्चे चिकन नळाखाली जोरात धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. ज्या विळीवर किंवा सुरीने ते कापले, तिनेच लगेच काकडी-कोथिंबीर चिरू नका.

आणि जुलाब होऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना किंवा बसलेले उठताना पाय साथ देईनासे झाले, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर तेल लावून, शेकून वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. जीबीएसवर उपचार आहेत, ते लवकर सुरू झाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. तिथे गेल्यावर आधी जुलाब झाले होते का, कधी झाले, कोणते औषध घेतले, पाणी कुठले पीत होता, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. तुमच्या जंतूचा वाण शोधणाऱ्याला पहिला धागा तिथूनच मिळणार आहे.